भावाचा प्रश्न आणि एकटे उंदीर

माझ्या मोठ्या भावाने तो प्रश्न हिंगोलीच्या दवाखान्यात विचारला, तेव्हा मी त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसले होते. मी बारावीत होते. आबा मेंढरांमागे गेले होते आणि मायला डॉक्टरांचं बोलणं समजत नसे, म्हणून दादासोबत मला पाठवलं होतं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर गोळ्या लिहिल्या. दादाने चिठ्ठी हातात घेतली, पण उठला नाही.

"साहेब, ही गोळी डोक्यात जाऊन काय करती?"

"तुला जे आवाज ऐकू येतात ना, ते कमी करते."

"ते मला म्हाईत हाय. ते कमी झालेतच. कसे कमी करती ते विचारून राहिलो."

डॉक्टर चिडले नाहीत. दाराबाहेरच्या रांगेकडे पाहून म्हणाले, "ते सांगायला वेळ लागेल. पुढच्या वेळी निवांत सांगतो." पुढच्या वेळी गेलो, तर त्यांची बदली झालेली होती. नव्या डॉक्टरांना दादाने तोच प्रश्न विचारला. तेही भले होते आणि त्यांच्याही दाराबाहेर तेवढीच रांग होती.

जीपमधून परत येताना दादा मला म्हणाला, "बाई, तू शिकून राहिलीस. तूच सांग मला एखाद्या दिवशी."

आमचं गाव हिंगोलीहून जाताना जवळा बाजारच्या अलीकडे. घरची मेंढरं, थोड्या शेळ्या आणि कोरडवाहू तुकडा. दादा दहावीनंतर मेंढरांमागे जाऊ लागला. त्याच्यासारखा कळप सांभाळणारा आमच्या भावकीत कुणी नव्हता. मग विशीत आल्यावर तो बदलत गेला. सोयाबीन निघालेल्या मोकळ्या रानात उभा राहून तो कुणाला तरी उत्तरं देई. जेवणात काहीतरी कालवलंय म्हणून ताट सरकवून देई. सगळ्यात जास्त जाणवायचं ते त्याचं दचकणं. घरात पातेलं खाली ठेवलं, तरी तो अंगावर कुणी धावून आल्यासारखा उडायचा. मायने मग सवयच लावून घेतली. हंडा उतरवायच्या आधी ती हळूच म्हणायची, "हंडा ठिवते रे." तरी तो तेवढाच उडायचा.

भावकीतल्या लोकांनी बाहेरचं लागलंय म्हणून सांगितलं. दोन-तीन ठिकाणी नेलंही. त्याला दवाखान्यात न्यायला सांगितलं ते मेंढरांना लस द्यायला आलेल्या गुरांच्या डॉक्टरांनी. ते आबांना म्हणाले, "मेंढराला आजार झाला की मला बोलावता. याच्या डोक्याला आजार झालाय. याचा डॉक्टर हिंगोलीला बसतो." आबांना ते पटलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी कळप चुलत्याच्या हवाली केला आणि दादाला घेऊन हिंगोली गाठलं. त्या आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया आहे, हे आम्हाला तिथे कळलं.

गोळ्यांनी आवाज कमी झाले. पण दादाचे हात कापू लागले, चालणं ताठर झालं. तरीही त्याने गोळी सोडली नाही. त्याला फक्त ती काय करते ते समजून घ्यायचं होतं. मी फार्मसीला गेले ती या एका कारणासाठी. पुढे पुण्यात एका संस्थेत संशोधनाला प्रवेश मिळाला आणि विषय निवडायची वेळ आली, तेव्हा मी फार विचार केला नाही. स्किझोफ्रेनियात मेंदूतले रिसेप्टर कसे बदलतात, हे प्राण्यांमध्ये तपासायचं, असा विषय मी मागून घेतला.

रिसेप्टर म्हणजे काय, हे दादाला सांगण्याइतकं मला कळलं ते पहिल्या वर्षाच्या शेवटी. सुटीत घरी गेले होते. दादा एका शेळीच्या कासेला फडक्याची पिशवी बांधत होता, पिल्लांनी सगळं दूध पिऊन टाकू नये म्हणून.

"दादा, तुझी गोळी हेच करते," मी म्हणाले.

तो मान वर न करता म्हणाला, "सांग."

"मेंदूत एका पेशीकडून दुसरीकडे निरोप जातात. निरोप नेणारं एक रसायन असतं, डोपामिन नावाचं. ते येऊन पलीकडच्या पेशीवर एका ठरलेल्या जागी चिकटतं, तेव्हा निरोप पोचतो. त्या जागेला रिसेप्टर म्हणतात. या आजारात मेंदूच्या एका भागात हे निरोप फार होतात. गोळी जाऊन ती जागा धरून बसते. पिल्लू येतं, पण कास बांधलेली असते."

दादाने गाठ मारली. मग स्वतःचा हात पुढे धरून पाहिला. "अन् हे कापतंय ते?"

"गोळीला नेमकी कास कळत नाही. जिथं बांधायची नव्हती तिथंही ती फडकं बांधते. चालण्याचे, हातापायाचे निरोपही मग अडतात."

तो बराच वेळ हसत राहिला. "म्हंजे गोळी बराबर हाय, बांधणारा आंधळा हाय." त्या सुटीत त्याने ही गोष्ट मायला सांगितली, आबांना सांगितली, बाजारात भेटलेल्या पाव्हण्यांनाही सांगितली. आजार झाल्यापासून पहिल्यांदा तो स्वतःहून त्याबद्दल चारचौघांत बोलत होता. पुढच्या खेपेला त्याने डॉक्टरांना हात दाखवला, नीट सगळं सांगितलं आणि डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. हळूहळू कापरं गेलं.

माझं स्वतःचं काम मात्र त्या वेळी अडून बसलं होतं. उंदराला माणसासारखे आवाज ऐकू येतात की नाही, हे कुणी सांगू शकत नाही. म्हणून या आजाराचा एखादाच तुकडा उंदरात उभा करून तो अभ्यासायचा असतो. आमची पद्धत अशी होती: पांढऱ्या उंदरांची पिल्लं आईपासून सुटली की काही एकत्र ठेवायची आणि काही एकेकटी. एकट्याला बाकीचे दिसतात, त्यांचा वास येतो, पण अंगाला अंग लागत नाही. मोठेपणी अशा उंदराच्या वागण्यात आणि मेंदूत फरक पडतो, हे जगभर पुष्कळांनी पाहिलेलं होतं. त्यापुढे जाऊन मेंदूच्या पुढच्या भागातले ग्लुटामेट नावाच्या रसायनाचे रिसेप्टर किती बदलतात, ते मला मोजायचं होतं.

उंदराची एक चाचणी असते. त्याला छोट्या पेटीत ठेवायचं आणि अचानक मोठा आवाज करायचा. तो दचकून उडतो आणि किती उडाला ते यंत्र नोंदवतं. पण मोठ्या आवाजाच्या जरा आधी एक बारीक आवाज केला, तर निरोगी उंदराचा मेंदू सावध होतो आणि तो कमी दचकतो. एकट्या वाढलेल्या उंदराला त्या आधीच्या आवाजाचा उपयोग होत नाही. स्किझोफ्रेनिया झालेल्या अनेक माणसांतही हेच दिसतं. पहिल्यांदा हे वाचलं, तेव्हा मी पुस्तक मिटून वाचनालयाबाहेर जाऊन उभी राहिले. माझ्या कानात मायचं "हंडा ठिवते रे" वाजत होतं. घरात जे आम्ही रोज पाहत होतो, त्याची चाचणी असते, ते मोजता येतं, हे कळल्यावर मला केवढा धीर आला, ते सांगता येणार नाही.

पण माझ्या हाती काहीच लागेना. माझे एकटे उंदीर जवळजवळ एकत्र वाढलेल्यांसारखेच शहाणे निघाले. बारीक आवाज ऐकून सावध होत, मजेत कमी दचकत. मेंदूतली प्रथिनं वेगळी करून पाहिली, तर पडद्यावर रिसेप्टरच्या काळ्या रेघा, ज्या रिसेप्टर जितके जास्त तितक्या गडद उमटतात, दोन्ही गटांत जवळजवळ सारख्याच. सगळं काम पुन्हा केलं. पुन्हा तेच. माझ्या मार्गदर्शक मॅडम कडक होत्या, पण अन्याय करणाऱ्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "निकाल न येणं हाही निकाल असतो. पण इतरांना जे दिसतं ते तुला का दिसत नाही, हे कळल्याशिवाय मी पुढे जाऊ देणार नाही."

उत्तर एका दुपारी मिळालं. प्राणीगृहात खाणं-पाणी आणि साफसफाई बघणारे एक वयस्क गृहस्थ होते. सगळे त्यांना मामा म्हणत. मी अवेळी आत गेले, तर मामा पालथ्या बादलीवर बसलेले आणि माझ्या एकट्या गटातला एक उंदीर त्यांच्या मनगटावरून कोपराकडे निवांत चालत निघालेला. मामा त्याच्या पाठीवरून बोट फिरवत होते.

"मामा, हे काय करता?"

ते दचकले. उंदराला अलगद पिंजऱ्यात सोडून उभे राहिले. "काही नाही ताई. एकटं आहे बिचारं. बाकीचे एकमेकांच्या अंगावर लोळतात, याला कुणी नाही. म्हणून थोडा वेळ हातावर घेतो."

"यालाच?"

"सगळ्याच एकट्यांना. रोज. कुणाला सोडून कसं चालेल."

मला आधी राग आला. इतक्या महिन्यांची मेहनत, मॅडमची बोलणी, सगळं डोळ्यांपुढे आलं. मग मी तिथेच खाली बसले आणि मला हसू फुटलं. माझे एकटे उंदीर एकटे नव्हतेच. त्यांना रोज कुणीतरी भेटत होतं. मामा घाबरले होते, नोकरी जाईल म्हणून. मी त्यांना म्हटलं, "मामा, तुम्ही काही चोरी केलेली नाही. पण हे मला मॅडमना सांगावं लागेल." ते म्हणाले, "सांगा. खोटं नका बोलू."

मॅडमनी ऐकून घेतलं आणि त्या उठून खिडकीकडे गेल्या. मला वाटलं आता संपलं. त्या वळल्या तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते. "अगं, तुला निकाल मिळालाच नाही असं समजून तू रडतेस? तुझ्या हातात यापेक्षा चांगला प्रश्न आलाय. तीन गट कर. एकत्र, एकटे, आणि एकटे पण रोज हाताळलेले. मामांना रीतसर तिसऱ्या गटावर नेमू. नुसत्या एकट्यांना मात्र त्यांनी हात लावायचा नाही."

प्राण्यांवरच्या प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या समितीची नवी परवानगी घेतली आणि सगळं पहिल्यापासून सुरू केलं. मामांना ते जड गेलं. एकट्या गटाचं पाणी बदलताना ते तोंड फिरवून काम करत. तिसऱ्या गटाशी मात्र आता उघडपणे गप्पा मारत.

शेवटी तो दिवस आला. कुठला नमुना कोणत्या गटाचा आहे हे मला माहीत नव्हतं. खुणांची यादी मॅडमनी स्वतःकडे ठेवली होती. पडद्यावर रेघा उमटू लागल्या. काही ठळक, काही फिकट, काही मधल्या. मॅडमनी एकेक खूण वाचली. फिकट रेघा एकट्यांच्या, ठळक एकत्र वाढलेल्यांच्या, आणि मधल्या बहुतेक सगळ्या मामांच्या. दचकण्याच्या चाचणीतही तोच क्रम लागला होता. मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आता कुणालाही दाखव." मी धावत प्राणीगृहात गेले आणि सगळ्यात आधी मामांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे त्यांना कळत होतं तर." आणि पुसायला घेतलेलं फडकं तसंच हातात धरून उभे राहिले.

ही बातमी घरी सांगायला मात्र मला भीती वाटत होती. कारण मायच्या मनात एक गोष्ट कित्येक वर्षं रुतून बसलेली होती. घरी गेले, तेव्हा हळद शिजवायचे दिवस होते. रानात जिकडेतिकडे कढया आणि वाफ. कुरुंदा गावाच्या बाजूला एका हळदवाल्याच्या मोकळ्या वावरात खतासाठी आमची मेंढरं बसवली होती. माय रात्री मेंढरं कोंडायच्या वाघुरीच्या जाळीचा तुटलेला पदर गाठत होती. मी तिला माझ्या कामाचं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तिचे हात थांबले.

"म्हंजे आमी त्याला एकट्याला मेंढरामागं धाडलं, म्हणून झालं हे."

"न्हाई, माय."

"तूच तर सांगून राहिलीस. एकटं ठिवलं की मेंदू बिघडतो."

"उंदराचं पिल्लू जन्मभर एकटं कोंडलं होतं. दादाला तुमी कोंडलं न्हवतं. रोज संध्याकाळी घरी यायचा, तुझ्या हातचं जेवायचा. चुलत्याचा पोरगा बी तसाच एकटा जायचा की. त्याला कुठं काय झालं? हा आजार एका कारणानं होत न्हाई. काही रक्तातून येतं, काही जन्माच्या आधी होऊन जातं, काही अजून कुणालाच ठावं न्हाई. एकटं ठेवणं ही आमची उंदरात आजाराचा तुकडा उभा करायची युक्ती हाय. दादाला आजार कशानं झाला, त्याचं ते उत्तर न्हवं."

ती माझ्याकडे रोखून बघत राहिली. "खरं सांगून राहिलीस, का मला बरं वाटावं म्हणून?"

"खरं. बरं वाटावं म्हणून बोलले असते, तर उंदराचं सांगितलंच नसतं."

तिने पुन्हा गाठ मारायला घेतली. ती आवळत म्हणाली, "त्या मामानं हातावर घेतले, त्यांचं कमी बिघडलं म्हणतीस."

"व्हय. उंदरात तरी तसं दिसलं."

"मंग लोक म्हणत व्हते त्याला मागच्या खोलीत ठिवा, चारचौघांत आणू नका. आमी न्हाई ठिवलं. लग्नाकार्याला नेलं, बाजाराला नेलं. ते बराबर केलं."

"लई बराबर केलं, माय."

तिने पदराने तोंड पुसलं आणि मोठ्याने आबांना हाक मारून सांगितलं, "ऐकलं का, पोरगी म्हणती आपलं बराबर हाय." इतका मोकळा आवाज मी तिच्या तोंडून दादा आजारी पडल्यापासून ऐकला नव्हता.

पीएचडीची शेवटची तोंडी परीक्षा सगळ्यांसाठी खुली असते. मी घरच्यांना सहज कळवलं होतं. आबा कळप सोडून येऊ शकत नव्हते. माय आणि दादा मात्र वसमतहून गाडीत बसून सकाळी पुण्यात उतरले. दादाने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि माय जपून ठेवलेलं हिरवं लुगडं नेसली होती. मामा त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न टाकला. "उंदराला स्किझोफ्रेनिया होतो का?"

"नाही सर," मी म्हणाले. "आजार माणसाला होतो. त्यातला एखादा धागा आम्ही उंदरात ओढून पाहतो. तो धागा म्हणजे सगळा आजार आहे असं मी म्हटलं, तर ते चुकीचं होईल." त्यांनी मान डोलावली. पुढे पुष्कळ विचारलं, रेघांबद्दल, मोजमापाबद्दल, हाताळलेल्या गटाबद्दल. मी एकाही उत्तराला अडले नाही. माझं मलाच नवल वाटत होतं.

मग अध्यक्षांनी रीतीप्रमाणे श्रोत्यांकडे पाहिलं. "कुणाला काही विचारायचंय?"

दादा उभा राहिला.

"त्या उंदरांचं पुढं काय झालं?" त्याने विचारलं.

सभागृहात सगळे वळून बघू लागले. मी सांगितलं, "मेंदू तपासायला ते मारावे लागले. त्यांना त्रास होऊ नये अशी काळजी घेतली. पण ते मेले. सगळे."

"ठीक हाय. आमी मेंढरं पाळतो, म्हणून मला त्याचं समजतं. म्या विचारलं काहून, तर मी रोज एक गोळी खातो. ती आधी कुण्या जनावराला देऊन पाहिली असंल. मला हा आजार हाय, स्किझोफ्रेनिया. गोळी घेऊन मी कळप सांभाळतो, बाजारात बोकडं इकतो, माझं मी कमावून खातो. ही माझी बहीण हाय. हिनं मला माझी गोळी समजावून सांगितली." त्याने शर्ट सारखा केला. "एवढंच. बसतो."

पहिली टाळी वाजवली ती त्या परीक्षकांनी. मग सगळं सभागृह वाजू लागलं. मॅडम, ज्यांना मी कधी भावूक झालेलं पाहिलं नव्हतं, चष्मा काढून पुसत होत्या. माय मात्र शांत बसली होती. ती ताठ मानेने एकेका माणसाकडे बघत होती, आपल्या लेकराकडे लोक कसे बघतात ते नीट बघून घ्यावं तसं.

गावी परतलो तेव्हा फाट्यावरच ढोल वाजत होते. भावकीतले सगळे जमले होते. म्हाताऱ्यांनी माझ्या कपाळाला भंडारा लावला आणि खांद्यावर नवी घोंगडी टाकली. मग एका चुलत्याने एक फेटा काढला आणि दादाच्या डोक्याला बांधू लागला. हाच चुलता एके काळी दादाला मागच्या खोलीत ठेवा म्हणायचा. "यानं पुण्यात भाषण केलं म्हणं," तो म्हणाला. दादाने मान खाली घालून फेटा बांधून घेतला आणि ढोलवाल्यांच्या पुढे असा नाचला, की आबा सुद्धा हातातली काठी टाकून त्याच्यासोबत दोन पावलं नाचले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावकडची एक बाई आमच्या दारात आली. लांबच्या नात्यातली होती. तिच्यासोबत तिची तरणी सून, डोक्यावरून पदर ओढलेली, कुणाकडेच न बघणारी. सासू म्हणाली, "हिला कोण तरी बोलतंय म्हणती. तुमच्या पोराला कोण्या डॉक्टरचा गुण आला?"

मी सांगायला पुढे झाले, पण दादा माझ्या आधीच ओट्यावरून उतरला होता. त्याने सुनेपासून जरा अंतर ठेवून बसायची जागा शोधली आणि म्हणाला, "ताई, मला बी ऐकू यायचे. घाबरू नका." सुनेने पहिल्यांदा पदर थोडा मागे सारला आणि त्याच्याकडे पाहिलं.

माय आतून चहा घेऊन आली. दादाने आबांना सांगितलं, "आज मेंढरं तुमी न्या." चहा झाल्यावर त्याने पायात चपला सरकवल्या आणि तिघं हिंगोलीची जीप धरायला फाट्याकडे निघाले. सासू पुढे, दादा मागे आणि मधे ती सून. चालता चालता तो तिला गोळीचं काहीतरी सांगत होता.